वॉलपेपर आणि प्लायचा जुना गोंद भिंतीवरून काढायचा कसा? रंगकाम अडलंय

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी. कोथरूडला सासू-सासऱ्यांचा फ्लॅट आहे, इमारत १९८६ची. बरीच वर्षं भाड्याने दिलेला होता. आता दोघं गावाहून कायमचे इकडे राहायला येणार आहेत, त्याआधी रंग करून घ्यायचा आहे. भाडेकरूंनी भिंतींवर जे जे चिकटवलं होतं ते काढलं आणि काम तिथेच अडलं.

हॉलच्या एका पूर्ण भिंतीला जाड प्लास्टिकचा वॉलपेपर होता. वरचा प्लास्टिकचा थर मोठमोठ्या तुकड्यांत निघाला, पण मागचा कागद आणि गोंद भिंतीलाच राहिला. ओल्या फडक्याने पुसलं तर बुळबुळीत होतं आणि वाळलं की पुन्हा कडक.

बेडरूममध्ये पलंगामागे प्लाय आणि सनमायका लावलेला होता. सुताराने प्लाय उचकटला तेव्हा काही ठिकाणी सिमेंटचा पापुद्रा बरोबर आला. उरलेल्या भागावर पिवळट तपकिरी गोंद आहे, कंगवा फिरवल्यासारख्या रेघा दिसतात. मधे मधे पांढऱ्या गोंदाचे कडक ठिपके आहेत.

छोट्या खोलीत लहान मुलाचे चांदण्यांचे स्टिकर आणि डबल टेप. फोमचे तुकडे राहिलेत, बोट लावलं तर अजून चिकटतात.

दोन रंगारी बघून गेले. एक म्हणाला, वरून दोन हात पुट्टी मारू, काही दिसणार नाही. दुसरा म्हणाला, सगळीकडे थिनर फिरवू. सासऱ्यांना दमा आहे, त्यामुळे थिनरची मला धास्ती वाटते. आणि पुट्टीखाली गोंद तसाच ठेवणं मनाला पटत नाही, पण का पटत नाही ते रंगाऱ्याला सांगता येईना. कोणी अनुभवी माणूस नीट सांगेल का?

निनाद_ठाणे

एवढा विचार कशाला? ग्राइंडरला सँडिंग डिस्क लावा, अर्ध्या दिवसात भिंत कोरी. आमच्याकडे ऑफिसचं काम असंच झालं.

रंगकाम_कोल्हापूर

सायलीताई, तुमच्या मनाला जे पटलं नाही ते बरोबर आहे. माझे वडील रंगारी होते, मीही तेच करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी निनादरावांसाठी. नव्या ऑफिसात चाललं असेल, ८६च्या घरात मी ग्राइंडर लावू देणार नाही. एक तर गोंद घासला की गरम होतो, मऊ पडतो आणि डिस्कवर लपेटून बसतो. मग डिस्क घासत नाही, गोंद पसरवत बसते. दुसरं जास्त गंभीर आहे. त्या काळी खोल्यांना, दारांना, खालच्या पट्ट्याला ऑइलपेंट सर्रास मारायचे आणि त्यात शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत हवं हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचा कुठलाही थर संशयास्पदच धरायचा. ग्राइंडरने त्याची बारीक भुकटी करून घरभर उडवायची आणि तिथे दम्याचा माणूस राहायला आणायचा, हे नको. जे काही घासायचं ते ओलं करून, हाताने आणि तोंडाला एन-९५ मास्क लावून.

आता पुट्टीचं. गोंदावर पुट्टी का नको, तर पुट्टी पाण्यात कालवलेली असते. ती भिंतीवर ओढली की पाणी खालच्या गोंदात मुरतं. तुमचा हॉलमधला गोंद पाण्याने बुळबुळीत होतो हे तुम्हीच लिहिलंय. पुट्टीखालीही तो तसाच होणार. वाळताना आकसणार, पुट्टीला ओढणार, आणि बारीक बारीक भेगांचं जाळं तयार होणार. कधी ते पहिल्याच हाताला दिसतं, कधी रंग झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात दिसतं, कारण हवेत ओल आली की तो गोंद पुन्हा जागा होतो. तोवर रंगारी पैसे घेऊन गेलेला असतो. मी असे पोपडे काढायला कितीतरी घरांत गेलोय. नखाने पोपडा उचलला की त्याच्या पाठीला कागदाची लव आणि पिवळा गोंद चिकटलेला असतो, म्हणजे नवी पुट्टी चांगली असूनही तिला धरायला भिंतच मिळालेली नसते.

थिनरचं नाही म्हणण्याचं कारण वासापलीकडचं आहे. गिलावा म्हणजे छिद्रांचा पदार्थ. पत्र्यावर किंवा काचेवर थिनरने गोंद पुसला जातो, कारण तो आत जाऊ शकत नाही. गिलाव्यावर विरघळलेला गोंद थेट छिद्रांत उतरतो. जो थर पत्तीने, म्हणजे पुट्टी ओढायच्या पात्याने, उचलता आला असता तो भिंतीत मुरवून टाकायचा, आणि पुढे तोच पिवळा डाग रंगातून वर येतो. बंद खोलीत तर थिनर नकोच. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, आणि शेजारच्या खोलीतल्या गॅसची ठिणगी तिला पुरते.

तर मग करायचं काय? ताई, माझं सगळं काम एका गोष्टीवर चालतं. हातात पत्ती घेण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: गोंद कुठला, आणि गोंदाखाली भिंत कुठली. तुमच्या तीन खोल्यांत तीन वेगळे गोंद आहेत, हे वाचूनच दिसतंय. भिंती एक आहेत की वेगळ्या ते तुम्हालाच बघावं लागेल. हे न बघता सगळीकडे एकच औषध फिरवणारा रंगारी मला चालत नाही, मग तो माझ्या हाताखालचा पोरगा का असेना.

गोंद ओळखायला कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून गोंदावर ठेवा, वरून प्लास्टिकचा तुकडा टेपने लावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी बघा. शेंबडासारखा बुळबुळीत झाला तर तो वॉलपेपरची पावडर किंवा घरची खळ. दुधासारखा पांढरा आणि चामट झाला तर सुताराचा पांढरा गोंद. काहीच झालं नाही, तर हेअर ड्रायरने तापवा. मऊ पडून पत्तीबरोबर धागे ओढले गेले तर रबराचा, म्हणजे ज्याला आम्ही सोल्युशन म्हणतो तो. तुमच्या बेडरूममधल्या कंगव्याच्या रेघा बहुधा त्याच, सनमायकाला तोच लावतात. आणि ते पांढरे ठिपके पट्ट्या बसवताना गळालेले असणार.

भिंत ओळखायला कोपऱ्यात, पलंगामागे झाकेल अशा जागी, रुपयाएवढा भाग रंग पूर्ण खरवडून उघडा करा. करडी आणि वाळू हाताला लागणारी असेल तर सिमेंटचा गिलावा. पांढरी असेल तर नखाने ओरखडा काढा. नखाने सहज भुकटी निघाली तर पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस), नख घसरलं तर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. हे बघून कळवा, मग पुढचं सांगतो. आणि हो, भिंतीला पाणी लावण्याआधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मीटरच्या पेटीतला विजेचा खटका, खाली करा. स्विचबोर्डात पाणी उतरलेलं मी बघितलंय.

अनुराधा_नाशिक

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. रंगकाम दादांनी सांगितलेल्या परीक्षांना घरच्या घरी आणखी पक्कं करता येतं म्हणून लिहिते.

हॉलमधल्या गोंदावर बीटाडिनचा एक थेंब टाका. निळा-काळा झाला तर गोंदात स्टार्च आहे. थेंब गोंदावरच पडेल असं बघा, कागदावर नको, कारण कागदातही कधी कधी स्टार्च असतो आणि फसगत होते. डाग राहिला तर व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून त्याने पुसा, आयोडिनचा रंग निघून जातो. निळा झाला नाही आणि तरी बुळबुळीत होत असेल तर बहुधा मिथाइल सेल्युलोज. हा पदार्थ थंड पाण्यात विरघळतो आणि गरम पाण्यात उलट घट्ट होतो. म्हणजे स्टार्चला कोमट पाणी आणि याला साधं नळाचं. "गरम पाण्याने सगळं निघतं" असं समजून लोक किटल्यांवर किटल्या ओततात आणि गोंद हलत नाही तेव्हा भिंतीला दोष देतात.

भिंतीसाठी: खरवडून उघड्या केलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका आणि भिंग असेल तर भिंगातून बघा. सिमेंट, चुना, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी यांच्यावर बुडबुडे येतात, कारण त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं. पीओपी म्हणजे भिंतीवर लागल्यावर जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. त्यावर बुडबुडे येत नाहीत. रंग पूर्ण खरवडायला हवा हे महत्त्वाचं, कारण जुन्या डिस्टेंपरमध्ये खडूची भुकटी असते आणि तिच्यावरही बुडबुडे येतात.

पीओपी निघालं तर पाण्याबाबत हात आखडता ठेवा. जिप्सम पाण्यात थोडंसं विरघळतं, लिटरमागे साधारण २ ग्रॅम. ऐकायला कमी वाटतं, पण भिजलेलं जिप्सम मऊ पडतं आणि पत्तीचा कोपरा त्यात रुततो. उष्णतेचंही तेच. जिप्समच्या वजनातलं सुमारे २१ टक्के पाणी असतं, ते स्फटिकात बांधलेलं असतं. हीट गनचा झोत ५०० अंशांपर्यंत जाऊ शकतो, तो एका जागी धरला की हे पाणी उडतं आणि पृष्ठभागाची परत भुकटी होते. हेअर ड्रायर पुरे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हार्डवेअरच्या दुकानात संडास धुवायचं ॲसिड मिळतं, ते भिंतीवरचे हट्टी डाग काढायला वापरतात. कृपया वापरू नका. हायड्रोक्लोरिक ॲसिड सिमेंटशी किंवा चुन्याशी मिळून कॅल्शियम क्लोराइड तयार करतं. हे मीठ हवेतली ओल शोषून घेतं, इतकी की स्वतःच त्यात विरघळतं. म्हणजे डाग गेला तरी भिंतीत कायम ओल धरणारा पदार्थ भरून ठेवला. मग त्यावर कुठलाही रंग टिकत नाही आणि "ओल कुठून येते" म्हणून नळाची पाइपलाइन फोडली जाते. व्हिनेगरही परीक्षेच्या थेंबापुरतंच, भिंत धुवायला नको.

सायली_कोथरूड

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. आज सगळ्या परीक्षा करून बघितल्या, सासरेही फोनवरून विचारत होते की काय निघालं.

हॉल: बीटाडिन टाकताच काळंनिळं झालं. खालची भिंत पांढरी, नखाने भुकटी निघते, व्हिनेगरला बुडबुडे अजिबात नाहीत. म्हणजे स्टार्चचा गोंद आणि पीओपी, बरोबर ना?

बेडरूम: पांढरे ठिपके पाण्याने दुधाळ झाले. पिवळा गोंद पाण्याने हलला नाही, ड्रायरने मऊ पडला आणि खरंच धागे निघाले. भिंत करडी, वाळूची, बुडबुडे भरपूर.

छोटी खोली: डिस्टेंपरचे दोन-तीन रंग एकाखाली एक दिसतात, सगळ्यात खाली करडं सिमेंट.

आता अडचण अशी की हॉलचा गोंद पाण्यानेच निघणार आणि भिंतीला पाणी नको. मग?

रंगकाम_कोल्हापूर

बरोबर ओळखलंत. अनुराधाबाईंचा बीटाडिनचा उपाय मला नवा आहे, आता मीही बाटली ठेवीन पिशवीत.

हॉलचं काम सगळ्यात नाजूक, म्हणून त्यावर वेळ घालवा. पाणी भिंतीला द्यायचं नाही, कागदाला द्यायचं. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाका, म्हणजे पाणी ओघळत नाही आणि कागदात लवकर मुरतं. फवाऱ्याच्या बाटलीने दोन हात लांब आणि दोन हात उंच एवढाच भाग ओला करा, त्यावर जुनी प्लास्टिकची पिशवी कापून चिकटवा. पाणी नुसतंच बसतं, धावत नाही. दहा मिनिटांत कागद कडेने सुटायला लागेल. सुटला की रुंद पत्ती, चार इंची तरी, भिंतीला जवळजवळ आडवी धरून सरकवायची. पत्तीचे दोन्ही कोपरे पॉलिश पेपरवर आधी गोल करून घ्या, हे विसरू नका. पीओपीवर जे ओरखडे पडतात ते धारेने नाही, कोपऱ्याने पडतात. कागद अजून धरत असेल तर पत्तीचा जोर वाढवायचा नाही, अजून थोडं पाणी आणि अजून थोडा वेळ.

एक भाग निघाला की तो लगेच पिळलेल्या स्पंजने पुसायचा. पुसायचं म्हणजे गोंद उचलायचा, आणि स्पंज दुसऱ्या बादलीत धुवायचा. लोक एकाच बादलीत स्पंज बुडवत राहतात, मग त्या बादलीत खळच तयार होते आणि तीच भिंतीवर परत सारवली जाते. पाणी गढूळ दिसलं की ओतून टाका. शेवटचा हात स्वच्छ पाण्याचा. ओल्या भिंतीवर तळहात फिरवा, बुळबुळीत लागत असेल तर गोंद आहे, करकरीत लागलं तर गेला. दिवसाचा उजेड बाजूने पडत असताना बघा. उरलेला गोंद वाळल्यावर चमकतो, पीओपी चमकत नाही. आणि शंका असेल तिथे बीटाडिन आहेच आता.

वॉलपेपरवाल्याने खाली रंग आणि प्रायमर ठेवलेलं असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण तो थर पीओपीला पाण्यापासून वाचवतो. कुठे पीओपी उघडं पडून मऊ झालंच तर त्याला हात लावू नका. पंख्याखाली वाळू द्या, ते परत घट्ट होतं. ओलं असताना घासलं तर खड्डा.

बेडरूम वेगळी. तिथे सिमेंट आहे, ते सोसतं. रबराच्या गोंदाला ड्रायर. एका हातात ड्रायर, एका हातात पत्ती, वितभर भाग तापवायचा आणि लगेच उचलायचा. निघालेल्या गोंदाचा लिंबाएवढा गोळा करा. तोच गोळा उरलेल्या कोमट गोंदावर दाबून उचला, रबर रबराला धरतं. चपला शिवणाऱ्यांकडे क्रेपच्या सोलचे तुकडे मिळतात, त्या तुकड्याने घासलं तर बारीक रेघाही गोळ्या होऊन निघतात. शेवटी जो पिवळा डाग छिद्रात राहील तो राहू द्या, त्याचा बंदोबस्त वेगळा आहे. जाड थर राहता कामा नये, बोटाला उंची जाणवता कामा नये.

पांढऱ्या ठिपक्यांवर ओलं फडकं रात्रभर टेपने बांधून ठेवा. सकाळी ते चामट झालेले असतील, पत्तीच्या टोकाने उचलता येतात. न भिजवता छिन्नीने उडवायला गेलात तर गोंद नाही, गिलावा निघेल, कारण पांढरा गोंद सिमेंटपेक्षा घट्ट धरतो. सुताराने प्लाय उचकटला तेव्हा तेच झालंय. तिथे पत्तीच्या मुठीने ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर तो भाग काढून गवंड्याकडून परत गिलावा मारून घ्यावा लागेल. पोकळ भागावर पुट्टी मारणारे खूप आहेत, त्यांना करू देऊ नका.

छोट्या खोलीतल्या टेपला पाणी नको आणि ताकदही नको. ड्रायरने गरम करा आणि फोमच्या मधून जाड शिलाईचा दोरा करवतीसारखा ओढा. भिंतीवर जे चिकट राहील ते अंगठ्याने गोळ्या करून निघतं. डिस्टेंपर बरोबर निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. जे डिस्टेंपर टेपबरोबर येतं ते नव्या रंगाबरोबरही आलंच असतं. त्या भिंतीचं जुनं डिस्टेंपर, तळहात फिरवल्यावर पावडर लागते तेवढं सगळं, ओलं करून खरवडून काढा.

माजघर_कुडाळ

वाचतोय, आणि एक भर घालावीशी वाटते, कारण हा धागा जुनी घरं असलेले लोकही वाचतील.

आमचं कुडाळजवळचं घर चिऱ्याचं, गिलावा चुन्याचा. माजघराच्या भिंतीला आजोबांच्या काळापासून देवांच्या तसबिरीऐवजी कॅलेंडरची चित्रं खळीने चिकटवलेली. कागदावर कागद, खळीवर खळ. ती काढताना कळलं की चुन्याच्या भिंतीचं गणित वेगळं असतं. ती भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. आमच्याकडे पावसात जमिनीतून वर चढणारी ओल त्या भिंतीतूनच सुकते. खळ पाण्याने निघते हे खरं, पण त्यानंतर तिच्यावर ऑइल प्रायमर किंवा प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते आणि गिलावाच फुगून सुटतो. चुन्याच्या भिंतीला परत चुनाच लावावा. आम्ही खळ धुतली, भिंत एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कोरडी होऊ दिली आणि चुन्याची सफेदी केली. तिथे खळीचा अंश राहिला तर पावसाळ्यात बुरशी बरोबर त्याच जागी उगवते, चित्राचा चौकोन उमटावा तशी. तेव्हा धुताना कंटाळा नको.

आणि व्हिनेगर, लिंबू, ॲसिड यातलं काहीही चुन्याला लावू नये. अनुराधाताईंनी सिमेंटबद्दल सांगितलं ते चुन्याला दुप्पट लागू.

रंगकाम_कोल्हापूर

कुडाळचे भाऊ अगदी खरं बोलले. आमच्याकडे पंचगंगेच्या पुरानंतर, २०१९ला आणि परत २०२१ला, जुन्या घरांत हेच बघितलं. ज्या भिंती नुसत्या चुन्याच्या किंवा साध्या डिस्टेंपरच्या होत्या त्या उन्हाळा लागेपर्यंत सुकल्या. ज्यांवर प्लास्टिकचा वॉलपेपर किंवा पीव्हीसीच्या शीट चिकटवल्या होत्या त्या आतून ओल्याच राहिल्या, शीट ओढली की मागून काळी बुरशी. नदीकाठच्या माणसांना मी हात जोडून सांगतो, भिंतीला प्लास्टिक चिकटवू नका.

सायली_कोथरूड

हॉल जवळजवळ झाला. दोन बादल्यांचं सांगितलंत म्हणून झाला, पहिल्या बादलीचं पाणी बघून विश्वास बसेना. बेडरूममध्येही जाड गोंद निघाला, क्रेपचा तुकडा खरोखर चालतो. पण पिवळे डाग आहेत. त्यांचा "वेगळा बंदोबस्त" काय? आणि पुट्टी कधी लावायची? घाई आहे पण परत काम निघायला नको, सासऱ्यांना एकदा इथे आणल्यावर मला घरात धूळ करायची नाहीये.

निनाद_ठाणे

माझा ग्राइंडरचा सल्ला मागे घेतो. शिशाचं माहीत नव्हतं, आमच्या सोसायटीत रंगकाम निघतंय, तिथे सांगतो.

रंगकाम_कोल्हापूर

निनादराव, आवर्जून सांगा. सोसायटीत जिन्याच्या कठड्यांना आणि ग्रिलला जुना ऑइलपेंट असतोच, आणि तिथे पोरं खेळतात.

ताई, डागांसाठी चपडा. सुतार लोक पॉलिशला स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच लाख, झारखंडकडून येते. पातळ करून फक्त डागावर आणि त्याच्या भोवती दोन बोटं असा ब्रशने हात द्यायचा. लवकर वाळतो आणि रबराचा पिवळेपणा वर येऊ देत नाही. वास स्पिरिटचा असतो, खिडक्या उघड्या ठेवल्या की त्याच दिवशी जातो, थिनरसारखा रेंगाळत नाही. पण ज्वालाग्राही तोही आहे, देवापुढचा दिवा त्या वेळी नको. एक मर्यादा आहे: चपड्याला क्षार सोसत नाही, आणि ओलं किंवा ताजं सिमेंट क्षाराने भरलेलं असतं. तेव्हा जुन्या, कोरड्या सिमेंटवर चालेल. जिथे गवंडी नवा गिलावा मारणार आहे तिथे लावायचा नाही, तिथे गोंदाचा डाग नसणारच.

पुट्टीचं उत्तर भिंत देईल. फूटभर चौकोनी प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने बंद करून लावा, एक धुतलेल्या हॉलला, एक बेडरूमला. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर भिंत ओली आहे, अजून थांबा. पंखा चालू ठेवा, दुपारी खिडक्या उघडा. पाऊस पडत असेल तर खिडक्या उघडून उपयोग नाही, बाहेरची ओलच आत येते. नवा गिलावा मारलेला भाग तर महिनाभर तरी सोडा, पलंगामागे झाकला जाईल, तेवढा भाग नंतर रंगवला तरी कुणाला दिसणार नाही.

कोरडी भिंत झाली की सगळीकडे पुट्टी ओढायच्या आधी प्रत्येक भिंतीवर हातभर जागेत प्रायमर मारून रात्रभर ठेवा. सकाळी बघा: जाळीसारख्या भेगा आल्या असतील तर तिथे गोंद आहे, परत धुवा. भेगा नसतील तर ब्लेडने त्यावर फुली कापा, सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेपबरोबर प्रायमर आला नाही तर पुढे जा. रंगाऱ्याला हे त्याच्या समोर करून दाखवा. चांगला माणूस असेल तर त्याला राग येणार नाही, तो स्वतःच टेप मागून घेईल.

क्रम असा ठेवा: बेडरूमचा चपडा, मग भेगा आणि खड्डे भरणं, पुट्टीचे दोन पातळ हात, ओला पॉलिश पेपर, २२० नंबर चालेल, प्रायमर, आणि रंग पाण्यातला, कमी वासाचा. हॉलच्या पीओपीवर पुट्टी फक्त ओरखडे असतील तिथे, सगळ्या भिंतीवर गरज नाही. शेवटचा हात झाल्यावर निदान आठवडाभर घर उघडं राहू द्या आणि वास पूर्ण गेल्यावरच सासऱ्यांना आणा. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, खिडक्यांच्या फटी आणि पंख्याची पातीसुद्धा. खरवडलेला सगळा कचरा ओल्या पोत्यात बांधून बाहेर काढा, जिन्यातून नेताना सांडू नका.